बुंदी जेवत नाही

उंबरटाकळी, ता. केज
३ नोव्हेंबर २०२५, सकाळ

सोम्या,

अकरा वर्षांनी लिहितोय, दचकू नको. तुला फोनवर ऐकू येत न्हाई असं सिदूनं सांगितलं. माझा फोन माझं राजकारण बघणाऱ्या प्रविणकडं असतो, आणि प्रविणनं वाचलं की गावानं वाचलं. म्हणून कागद. सिदूचा दुधाचा टेम्पो सकाळी आष्टीला जातो अन् संध्याकाळी परत येतो. पाकीट चिकटवून त्याच्या हातात देतोय. उत्तर त्याच्याकडंच दे.

काम असं हाय. तुझी तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात गेली. आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरी एक जनावर आलंय. गिनी पिग म्हणतात. डुकराचा काही संबंध न्हाई. सशापेक्षा लहान, शेपूट न्हाई, अंगावर पांढरे-तांबडे ठिपके. नातीचं हाय. नात पुण्याला असते. त्यांनी नवं घर भाड्यानं घेतलं, तिथला मालक जनावर ठेवू देत न्हाई. पोरगी दिवाळीला आली ती पिंजरा मांडीवर घेऊन, आणि रडायलाच लागली. तेव्हा या गृहस्थानं सगळ्यांदेखत सांगितलं, "दे इकडं. बारा म्हशी सांभाळणाऱ्याला हे काय जड हाय." पोरगी काल सकाळी गेली. महिन्यापूर्वीच घेतलेलं जनावर, तिचीच अजून त्याच्याशी नीट ओळख झाली नव्हती.

ती गेल्यापासून ते खात न्हाई. कोपऱ्यात अंग चोरून बसलंय. भाकरी दिली, शेंगदाणे दिले, सरकी पेंड दिली, शेवटी पेढा दिला. कशालाच तोंड लावलं न्हाई. पिंजरा बैठकीत ठेवलाय, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचं लक्ष राहतं. काय करावं ते लगेच कळव. सोसायटीची निवडणूक लागलीय, तिच्या गडबडीत हे.

सुंदरराव


आष्टी
३ नोव्हेंबर २०२५, दुपार

मा. सुंदरराव यांस,

पत्र मिळाले. प्रश्न जनावराचा आहे म्हणून उत्तर देत आहे. आपल्या कार्यकर्त्यास पुढील गोष्टी आजच कळवाव्यात.

या जनावराचे पोट सतत चालू लागते. दिवसभर उपाशी राहिले तर आतडी मंदावतात आणि मग त्याला खावेसेच वाटत नाही. तेव्हा 'दोन दिवस बघू' असे चालणार नाही.

पिंजरा बैठकीतून काढून शांत खोलीत ठेवावा. येणारे-जाणारे लक्ष ठेवत नाहीत, ते डोकावतात. पिंजऱ्यात पुठ्ठ्याचा खोका उपडा घालून त्याला दार कापून द्यावे. लपायला जागा असली की बाहेर यायचे धैर्य येते. वरून हात घालून उचलू नये, वरून जे येते ते त्याला घारच वाटते. भाकरी, पेंड, शेंगदाणे, पेढा सगळे उचलावे. त्याला गवत हवे. वाळलेले मारवेल कायम पुढ्यात असावे. सोबत दूर्वा, कोथिंबीर, ढोबळ्या मिरचीची एक फोड. फवारणी झालेल्या बांधावरचे काही नको. पुण्यात ते काय खात होते हे नातीला विचारावे आणि तो ओळखीचा घास आधी द्यावा. लेंड्या मोजाव्यात.

उद्या सकाळपर्यंत खाल्ले नाही तर केजच्या दवाखान्यात न्यावे. कार्यकर्त्याला लाज वाटत असली तरी न्यावे.

सोमेश्वर
निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

ता. क. त्या कार्यकर्त्याचा आवाज मोठा आहे का?


उंबरटाकळी
४ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळ

सोम्या,

तुझं पत्र आल्या आल्या पिंजरा धान्याच्या खोलीत नेला. खोका घातला. मारवेल गोठ्यातच होतं, दूर्वा विहिरीवरून आणल्या. पोरीला विचारलं तर ती म्हणाली, "बुंदीला काकडीची साल आवडते." मग काकडी आणायला माणूस केजला पाठवला. हे सगळं कार्यकर्त्यानं केलं.

सकाळी बघितलं तर साल तशीच वाळलेली. लेंड्या दोन, त्याही बारीक. पोरगी रोज फोनवर पहिला प्रश्न हाच करते, "आजोबा, बुंदी जेवली का?" परवा अन् काल मी "जेवली" म्हणून सांगितलंतं. पोरीशी खोटं बोललो.

आता लपवून काय करू. कार्यकर्ता मीच. तुला ते पहिल्या ओळीतच कळलं असंल.

टोपलीत फडकं घालून बुंदीला ठेवलं, वरनं शाल टाकली, अन् मी स्वतः केजला गेलतो. कुणी विचारलं तर देवाचं हाय म्हणून सांगायचं ठरवलंतं. दवाखान्यात बाकावर कोण बसलेला असावा? बजरंग. समोरच्या पॅनलचा. शेळी घेऊन आलता. मी टोपली मांडीवर धरून त्याच्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा हाणल्या अन् डॉक्टरनं बाहेर येऊन विचारलं, "गिनी पिग कुणाचं आहे?" बाकावर आमी दोघंच. मला उठावं लागलं. बजरंग नुसता शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आता पंधरा गावांत होईल.

डॉक्टर चांगली बाई हाय. दात बघितले, पोट दाबून बघितलं. आजार काही न्हाई म्हणाली, घाबरलीय. पातळ करून पिचकारीनं थोडं थोडं भरवायला दिलं. ते मी दर तीन तासांनी भरवतोय. पण स्वतःहून ती तोंड हलवत न्हाई. मी हळू आवाजात बोलतो तिच्याशी. आमची कारभारीण बायनाबाई म्हणते, "तुमचा हळू आवाज म्हंजी दुसऱ्याचं वरडणं. तुमी खोलीबाहेर व्हा, मंग खाईल ती."

मी बाहेर होऊ का सोम्या? खरं सांग.

सुंदरराव


आष्टी
५ नोव्हेंबर २०२५

सुंदरराव,

बाहेर होऊ नकोस. आत जा आणि गप्प बस.

माझे वडील मेंढरांमागे फिरले हे तुला माहीत आहे. बाजारातून नवी मेंढी आणली की ती दोन-दोन दिवस पाल्याला तोंड लावायची नाही. वडील तिच्याशी बोलायचे नाहीत, चुचकारायचे नाहीत. तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि आपली भाकरी सोडून खायला लागायचे. आम्हाला सांगायचे, तिच्याकडे बघू नका. जे बघतं ते धरतं, एवढंच जनावराला ठाऊक असतं.

तू तेच कर. रोज ठरलेल्या वेळी एक तास खाली जमिनीवर बस, पिंजऱ्याकडे पाठ करून. पेपर वाच, पण पाने सावकाश उलट. काकडी खा. फोन आत न्यायचा नाही. कार्यकर्ते दाराशी यायचे नाहीत. ती कुरकुरली तरी वळून बघायचे नाही. पिचकारीने भरवणे डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेव, आणि रोज एकाच वेळी वजन कर. घरी किराण्याचा छोटा काटा असेल.

आणि नातीला खरे सांग.

सोमेश्वर


उंबरटाकळी
९ नोव्हेंबर २०२५

सोम्या,

पहिल्या दिवशी बसलो तर दहाव्या मिनिटाला मांड्या आखडल्या. पेपर वाचून झाला, जाहिराती वाचून झाल्या. शेवटी पोत्यावरचं छापील वाचलं. मागं काही हालचाल न्हाई. बाहेर प्रविण मला शोधतोय, बायनाबाई त्याला सांगतेय, "आत बसल्यात, बोलायचं न्हाई." त्यानं गावात सांगितलं की रावांनी निवडणुकीसाठी मौनव्रत धरलंय. दोन म्हाताऱ्या येऊन उंबऱ्याला हात लावून गेल्या.

दुसऱ्या दिवशीही तसंच.

काल तिसऱ्या दिवशी मी काकडी खात होतो. साल बाजूला टाकत होतो. आणि मागनं आवाज आला. कुरुम, कुरुम, कुरुम. एकदम बारीक. मी हातातली फोड तशीच धरून बसलो. वळायचं न्हाई असं तू लिहिलंतंस, म्हणून वळलो न्हाई. समोर ज्वारीच्या कणगीवर नजर लावली अन् ऐकत राहिलो. सरपंच झालो त्या दिवशी लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलंतं, पण तेव्हा असं झालं नव्हतं. तास संपला तरी उठावं वाटंना. बाहेर आलो तर बायनाबाई माझ्या तोंडाकडं बघून घाबरली, तिला वाटलं गेलंच जनावर.

आज लेंड्या पंचेचाळीस. वजन चार ग्रॅमनं वर.

पोरीला सगळं खरं सांगितलं. सहा दिवस ती स्वतःहून जेवत नव्हती, मी खोटं बोललो, तेही सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, ती मोठ्या आवाजाला घाबरते. मी पण आधी तुम्हाला घाबरायचे." मी विचारलं, "आता?" ती म्हणाली, "आता थोडंच."

एक तास गप बसलं की माणसाला काय काय आठवतं. मारुतीच्या पारावरची ती ग्रामसभा आठवली. लाळ-खुरकुतानं गावातली नऊ जनावरं गेलती. लोक माझ्यावर उठलेते. लस वरूनच आली न्हाई हे मला ठाऊक होतं, तुझ्या तिन्ही मागण्यांवर माझीच सही होती. तरी मी माईक हातात घेतला अन् तुला बसून पगार खाणारा म्हणलो. लोक तुझ्याकडं वळले, मी सुटलो. तू रात्रभर गोठ्यांतून फिरून आलतास, पायात गमबूट तसेच होते. बॅग उचललीस, महिन्यात बदली घेतलीस. अकरा वर्षं मी लोकांना सांगत आलो, सोम्यानं उगंच मनाला लावून घेतलं.

चूक माझी होती. माफ कर म्हणायला हात धजत न्हाई. पण चूक माझी होती, एवढं लिहितो.

सुंदरराव


उंबरटाकळी
२० नोव्हेंबर २०२५

सोम्या,

अकरा दिवस झाले, तुझं उत्तर न्हाई. सिदूला रोज विचारतो. तो म्हणतो, "काका घरीच हायेत, तब्येत चांगली हाय." बरं. न लिहिणं तुझा हक्क हाय. हे पत्र त्याबद्दल न्हाई, बुंदीबद्दल हाय, म्हणून वाच.

बुंदी आता हातातली कोथिंबीर घेते. प्लास्टिकची पिशवी वाजली की शिट्टी मारते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं कुकर झाला. सकाळी कधी कधी जागच्या जागी उडते, चारी पाय वर. मी डॉक्टरला विचारायला गेलतो, ती म्हणाली, काळजी नको, खुशीत असली की करतात.

अडचण वेगळीच. रविवारी तेवीसला मतदान, संध्याकाळी निकाल. जो जिंकेल त्याची मिरवणूक माझ्या दारावरनंच जाणार, गावात दुसरा रस्ता न्हाई. डीजे, फटाक्यांच्या माळा. मागं शेजारच्या वरातीत एकच सुतळी बॉम्ब वाजला, तर बुंदी खोक्यात शिरून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आली नव्हती. आमचं पॅनल आलं तर मी बंद ठेवीन. पण बजरंगचं आलं तर? शेतातल्या खोलीवर नेऊन ठेवू का दोन दिवस?

सुंदरराव


आष्टी
२१ नोव्हेंबर २०२५

सुंदरराव,

शेतात नेऊ नको. आत्ता कुठे तिला त्या खोलीचा वास ओळखीचा झाला आहे. परत जागा बदललीस तर परत पहिल्यापासून. रविवारी खोलीची खिडकी गोधडीने झाक, पिंजऱ्याखाली पोती घाल, खोका आत भिंतीकडे सरकव. बायनावहिनींना तिच्याजवळ बसू दे. आणि बजरंगकडे जाऊन सांग. दुसरा उपाय मला दिसत नाही. तुला तो अवघड जाईल हे कळून लिहितो आहे.

आता तुझ्या मागच्या पत्राचे. उत्तर लिहायला चार वेळा बसलो, चारही वेळा फाडले. अंजना म्हणाली, "फाडायला कागद कशाला आणता, तसंच बसा." त्या दिवशी मला वाईट कशाचे वाटले ते सांगतो. लोकांच्या बोलण्याचे नाही. लोकांची जनावरे मेली होती. पारावर तू माझ्याकडे बघून बोलला असतास तर एक वेळ चालले असते. तू माझ्याकडे बघितलेच नाहीस. उंबरटाकळीत मी नऊ वर्षे काढली होती, तिथेच घर बांधायचे म्हणत होतो. ते राहिले.

माफ केले असे लिहिले तर ते खोटे होईल. पण तुझे पत्र आल्यावर राग शोधायला गेलो, तो पूर्वीइतका सापडला नाही. सध्या एवढेच.

अजून एक. तिचे वजन, खाणे सगळे ठीक दिसते, पण ही जनावरे एकटी राहणारी नव्हेत. तू एक तास बसतोस. उरलेले तेवीस तास ती एकटी असते. सोबतीला दुसरी मादी बघावी लागेल.

सोमेश्वर


उंबरटाकळी
२५ नोव्हेंबर २०२५

सोम्या,

आमचं पॅनल पडलं. तेरातले चार आले. मी स्वतः एकवीस मतांनी गेलो. तीस वर्षांत पहिल्यांदा.

केजहून निकाल आला तेव्हा पाच वाजले होते. प्रविण रडत होता. मी चप्पल घातली अन् बजरंगच्या वाड्याकडं निघालो. प्रविण म्हणाला, "राव, कुठं निघालात? लोक काय म्हणतील?" मी म्हणलो, "तू घरी थांब."

बजरंगच्या दारात शंभर-दीडशे माणूस. डीजेची गाडी लावलेली, गुलालाची पोती फोडलेली. मला बघून गर्दीनं वाट दिली. बजरंग पुढं आला.

"या सुंदरराव. निकालावर हरकत असली तर उद्या तहसीलला द्या."

"हरकत न्हाई. जिंकलास, चांगलं काम कर. एक विनंती करायला आलोय. मिरवणूक माझ्या दारावरनं जाईल तेव्हा डीजे बंद ठेव. फटाके बी नको. तेवढ्यापुरतं."

त्याच्यामागची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी हसलं.

बजरंग म्हणाला, "कावून?"

पाठीमागं माझेही चार लोक येऊन उभे राहिलेते. मनात आलं, आजारी माणूस हाय म्हणून सांगावं, बायनाबाईचं नाव घ्यावं. पण तसं केलं न्हाई. म्हणलो, "घरात गिनी पिग हाय. नातीचं. ते आवाजाला घाबरतं, मग खात न्हाई."

आता मात्र बरेच हसले. बजरंग हसला न्हाई. त्यानं विचारलं, "टोपलीत आणलंतं ते?"

"तेच."

"तवा लई मलूल होतं. खातं का आता?"

"खातं."

तो डीजेवाल्याकडं वळून म्हणाला, "मारुतीच्या देवळापाशी बंद करायचा. वेशीपाशी चालू. मधी कुणी माळ लावली तर माझ्याशी गाठ हाय."

सोम्या, मी दारात उभा होतो. देवळापर्यंत जमीन हादरत होती. मग एकदम थांबलं. अन् ती माणसं माझ्या दारावरनं चालत गेली. गुलालानं लाल झालेली, गळ्यात हार, हलगीवाल्यानं हलगी छातीशी धरलेली. नुसता चपलांचा आवाज. एक पोरगं शिंकलं तर दोघांनी त्याच्याकडं डोळे वटारले. माझे लोक ओट्यावर बसून बघत होते, त्यांना काय चाललंय तेच कळंना.

बरोबर त्या वेळी आत बायनाबाईनं कोथिंबिरीची पिशवी उघडली, बुंदी घाबरू नये म्हणून. बुंदीनं शिट्टी मारली. खिडकीवर गोधडी होती तरी रस्त्यावर ऐकू आली. सगळी मिरवणूक जागेवर थांबली. दुसरी शिट्टी आली. मग तिसरी.

बजरंग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "तीच का?"

मी मान हलवली.

"आवाज हाय की तिला," असं म्हणून तो पुढं गेला.

बुंदीनं संध्याकाळी सगळी कोथिंबीर खाल्ली. लेंड्या मोजायचं आता सोडलंय. पोरीला, सुकन्याला, फोनवर हे सांगितलं तर तिनं तीन वेळा पहिल्यापासून सांगायला लावलं. ती नाताळच्या सुट्टीत येतेय.

पारावर मी तुझ्याकडं बघितलं न्हाई, हे तू लिहिलंस ते खरं हाय. बघितलं असतं तर तसं बोलता आलं नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. बजरंगच्या दारात उभा राहिलो तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघून बोललो. तुझ्याशीही तसं एकदा बोलायचंय. तू म्हणशील तेव्हा आष्टीला येतो.

सोबतीला दुसरी कुठं मिळते ते मला माहीत न्हाई. तू बघ.

सुंदरराव


आष्टी
२७ नोव्हेंबर २०२५

सुंद्या,

तू येऊ नको, मीच येतो. दुसरी मिळाली आहे. नगरला एकांकडे होती, काल अंजना आणि मी जाऊन घेऊन आलो. काळी आहे, कपाळावर पांढरा पट्टा, वय साडेतीन महिने. रस्ताभर अंजनाच्या मांडीवर टोपलीत होती आणि आल्यापासून खोक्यातून बाहेर आलेली नाही. अंजना तिच्याकडे पाठ करून भाजी निवडते आहे. आज सकाळी दूर्वांचा एक घास गेला.

नाव ठेवलेले नाही, ते सुकन्यावर सोपवू.

रविवारी सकाळच्या गाडीने निघतो, दुपारी केजला उतरतो. वहिनींना सांग, जेवण साधं करा. दोन गोष्टी तयार ठेव. एक वेगळा पिंजरा, आणि दोन्ही पिंजऱ्यांच्या मध्ये लावायला बारीक जाळी. या दोघींना एकदम एकत्र सोडायचं नसतं. आधी शेजारी-शेजारी ठेवायचं, मध्ये जाळी. एकमेकींचा वास येऊ द्यायचा, आवाज ऐकू द्यायचा, एकमेकींसमोर खाऊ द्यायचं. घाई केली तर चावतात, मग पुन्हा जमवणं कठीण जातं. पाच-सहा दिवस तरी कुणीतरी जाणतं माणूस जवळ असावं लागतं.

तेव्हा मी पाच-सहा दिवसांचे कपडे घेऊन येतो आहे.

सोम्या